पाहताक्षणीच ओळखला!

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली की त्यांत एक गृहस्थ हमखास असे निघतात, की ज्यांना माणसे ओळखण्याची विद्या अवगत असते. चकलीचा तुकडा मोडता मोडता ते सांगतात, "आपल्याला पत्रिका नको, चौकशी नको. माणूस दारातून आत येताना चपला कशा काढतो, तेवढे पाहिले की पुरे!" चपला जोडीने सरळ ठेवणारा हिशेबी, भिरकावणारा उडाणटप्पू, आणि भिंतीशी कोपऱ्यात सारून ठेवणारा आतल्या गाठीचा. बायकांतही ही विद्या आहेच. मुलगी पोह्यांची बशी कशी पुढे करते, यावरून तिचा पुढल्या तीस वर्षांचा संसार सांगणाऱ्या आत्याबाई कोणत्या घरात नाहीत?

मला या मंडळींचा फार हेवा वाटतो. कारण त्यांचे निदान कधी चुकत नाही. ते का चुकत नाही याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो, आणि मला त्याचे कारण इतकेच दिसले की एकदा निदान केल्यावर ही मंडळी पुन्हा रोग्याकडे फिरकत नाहीत. नापसंत केलेली मुलगी दुसऱ्या घरी सुखाने नांदते आहे की नाही, उडाणटप्पू ठरवलेला पोरगा पुढे बापाचे कर्ज फेडून मोकळा झाला की नाही, याची खबर घ्यायला कोण जातो? आणि कधी काळी खरे उघडकीला आलेच, तरी त्यांची गाडी अडत नाही.

गिरगावातल्या आमच्या जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत एक सडा माणूस राहायला आला होता. संध्याकाळी बाहेर पडायचा, पहाटे चारच्या सुमाराला परत यायचा आणि दिवसभर दार लावून झोपायचा. कोणाशी बोलणे नाही, चालणे नाही. त्यातून त्याची बोटे नेहमी काळी! तळमजल्यावर एक पेन्शनर राहत. त्यांनी तिसऱ्याच दिवशी निकाल दिला, "हा नोटा छापतो." झाले! त्या दिवसापासून चाळीतल्या बायका त्याच्यासमोर नळावर बोलेनाशा झाल्या. मुलांना त्या टोकाकडे खेळायला बंदी झाली. वाण्याने त्याच्या हातची नोट उजेडात धरून पाहिली. असे सात-आठ महिने गेले. मग एका पहाटे त्याने शेजारचे दार ठोठावले. हातात अजून ओली असलेली वर्तमानपत्राची घडी होती. शेजाऱ्यांचा मुलगा मॅट्रिकला बसलेला होता, त्याचा नंबर निकालात लागला होता, आणि पेपर दारावर यायच्या आधी ही बातमी त्या घरी पोचावी म्हणून हा माणूस छापखान्यातून धावत आला होता. एका दैनिकात तो रात्रपाळीचा कंपॉझिटर होता. खिळे जुळवून बोटे काळी होणार नाहीत तर काय? सकाळी चाळीत पेढे वाटले गेले. पेन्शनरांनी पेढा तोंडात टाकला आणि शांतपणे म्हणाले, "छापखाना आहे, हे मी आधीच म्हटले होते. काय छापतात एवढाच प्रश्न होता!"

या विद्येला जगात प्रतिष्ठा मिळाली ती मात्र एका काल्पनिक माणसामुळे. १८८७ साली शेरलॉक होम्स छापील जगात अवतरला आणि पहिल्याच भेटीत त्याने डॉक्टर वॉटसन अफगाणिस्तानातून आल्याचे ओळखले. तेव्हापासून बूट, बाह्या, नखे आणि टोपी पाहून माणसाचे चरित्र वाचता येते, अशी सुशिक्षितांचीही समजूत झाली. होम्सचा कर्ता सर आर्थर कॉनन डॉइल हा मूळचा डॉक्टर. एडिंबरोला शिकत असताना डॉ. जोसेफ बेल हे त्याचे गुरू होते, आणि होम्सची मूळ मूर्ती तीच. बेलसाहेबांसमोर एकदा साध्या कपड्यांतला एक रोगी आला. साहेबांनी त्याला विचारपूस करण्यापूर्वीच सांगितले की तू पलटणीतून नुकताच सुटलास, हुद्देदार होतास, आणि बार्बाडोस बेटावर होतास. सगळे खरे निघाले! माणूस अदबशीर होता, पण त्याने डोक्यावरची टोपी काढली नव्हती, म्हणजे पलटणीची सवय अजून मोडलेली नाही. चेहऱ्यावर थोडा अधिकार होता. आणि रोग होता हत्तीरोग, तो तिकडच्या बेटांतला. ही हकीकत डॉइलनेच आत्मचरित्रात नोंदली आहे.

बेलसाहेबांच्याच नावावर दुसरीही एक गोष्ट सांगतात. तिच्या खरेपणाची हमी मी देत नाही. पण खोटी असली तरी गोड आहे. साहेबांनी एका रोग्याकडे पाहून विद्यार्थ्यांना सांगितले, "हा बँडवाला आहे. गालाचे स्नायू लुळे पडलेत; फुंकून वाजवायच्या वाद्याचा हा परिणाम. काय हो, तुम्ही बँडमध्येच आहात ना?" रोगी म्हणाला, "होय साहेब." "पाहा! आणि कोणते वाद्य वाजवता?" रोगी म्हणाला, "मोठा ढोल, साहेब."

गोष्टीतला होम्स असा ढोलाशी अडखळत नाही, कारण गुन्हेगार, पुरावा आणि शोधक हे तिघेही एकाच लेखकाच्या खिशातून निघालेले असतात. पण त्या लेखकावरच एकदा खराखुरा गुन्हा शोधण्याचा प्रसंग आला. त्या प्रकरणाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो, म्हणून मला त्याचे विशेष वाटते.

शापुरजी एडलजी हे मुंबईचे पारशी. तरुणपणी ते ख्रिस्ती झाले, विलायतेला गेले, तेथे धर्मोपदेशकाचे काम करू लागले आणि शार्लट नावाच्या इंग्रज बाईशी त्यांचे लग्न झाले. १८७६ साली स्टॅफर्डशायर परगण्यातल्या ग्रेट वायर्ली या गावी सेंट मार्कच्या देवळात त्यांची व्हिकर, म्हणजे गावचे पाद्री, म्हणून नेमणूक झाली. गाव शेतकऱ्यांचे आणि कोळशाच्या खाणीत राबणाऱ्यांचे. आपल्याकडे सावळ्या माणसांच्या वस्तीत गोरा पाद्री येई, याचे कोणाला नवल वाटत नसे. तिकडे उलटे घडले! दर रविवारी त्या गोऱ्या गावाला एका मुंबईकराने बायबल समजावून सांगायचे होते.

त्यांना तीन मुले. थोरला जॉर्ज. हा कायदा शिकून सॉलिसिटर झाला, रोज आगगाडीने बर्मिंगहॅमला कचेरीत जाई, आणि १९०१ साली त्याने रेल्वेच्या उतारूंना त्यांचे हक्क समजावेत म्हणून एक छोटेखानी पुस्तकही लिहिले. दारू नाही, तंबाखू नाही, मित्रांचा कंपू नाही. आपल्याकडे असा मुलगा म्हणजे जावई म्हणून पहिला नंबर! तिकडे त्याला घुमा म्हणत. त्यातून त्याचे डोळे मोठे, थोडे पुढे आलेले, आणि बघणे असे टक लावून, रोखून, की समोरच्याला अस्वस्थ वाटावे. वायर्लीच्या लोकांनी त्या डोळ्यांवरून जॉर्जला ओळखला होता.

आणि लोकांच्याही आधी पोलिसांनी ओळखला होता. १८९२च्या सुमाराला पाद्रीबाबांच्या घरी निनावी पत्रे येऊ लागली. त्यांच्या नावाने दुकानदारांकडे खोट्या मागण्या जात आणि नको असलेला माल दारात येऊन पडे. त्या डिसेंबरात वॉल्सॉलच्या एका शाळेची किल्ली त्यांच्या उंबरठ्यावर सापडली. जॉर्ज तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि वेगळ्याच शाळेत शिकलेला. परगण्याचे पोलीसप्रमुख होते कॅप्टन ॲन्सन, एका अर्लचे चिरंजीव. त्यांनी बापाला लेखी कळवून टाकले की तुमचा मुलगा या किल्लीबद्दल कानांवर हात ठेवील, पण मी त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवणार नाही, हे आताच सांगतो. तक्रार करणाऱ्याच्याच घरात आरोपी ठरला! पुढच्या एका पत्रात त्यांनी अपराध्याला सक्तमजुरी भोगायला लावण्याची इच्छा व्यक्त केली. नाव घेतले नव्हते; रोख कोणाला कळला नाही असेही नाही.

१८९५च्या शेवटी पत्रे थांबली. मग १९०३चा फेब्रुवारी उजाडला, आणि वायर्लीच्या आसपास रात्री कोणीतरी कुरणातल्या घोड्यांची, गाईंची, मेंढ्यांची पोटे धारदार हत्याराने चिरू लागला. सकाळी जनावर रक्ताच्या थारोळ्यात सापडे. पुन्हा निनावी पत्रे सुरू झाली, आणि त्यांत गुन्हेगारांच्या टोळीत जॉर्ज एडलजीचेही नाव घातलेले असे. गावच्या गुत्त्यांतून कंडी पिकली की हा काळा वकील रात्री आपल्या देवांना जनावरांचे बळी देतो. पारशी धर्मात घोड्याचा बळी कुठे सांगितला आहे, हे विचारायला तेथे कोणी नव्हते. आणि तो तर पाद्र्याचा मुलगा, जन्माने ख्रिस्ती!

१८ ऑगस्टच्या सकाळी खाणीचे एक तट्टू चिरलेले सापडले आणि त्याच दिवशी जॉर्जला त्याच्या बर्मिंगहॅमच्या कचेरीत पकडण्यात आले. आता यापुढचा भाग मला सावकाश सांगितला पाहिजे; या प्रकरणाची खरी गंमत, गंमत कसली, खरी भीती, तेथे आहे.

पकडल्यावर जॉर्ज म्हणाला की मला आश्चर्य वाटत नाही, हे होणार हे मला काही दिवस दिसतच होते. निनावी पत्रांत आपले नाव येते आहे आणि पोलीस घरावर पाळत ठेवत आहेत, हे ठाऊक असलेला माणूस दुसरे काय म्हणणार? पण हे वाक्य कोर्टात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून आले. जामीन घ्यायला त्याने नकार दिला. म्हणाला, पुढचे जनावर मारले जाईल तेव्हा मी बाहेर नसलेलाच बरा. त्याचे म्हणणे खरे ठरले. तो कोठडीत असताना आणखी एक घोडा चिरला गेला. आता तरी सुटेल, असे तुम्हा-आम्हाला वाटते. फिर्यादी पक्षाने सांगितले, टोळीतल्या साथीदारांनी याला वाचवायला हे केले!

घोडा मेला नसता तर जॉर्ज आत असल्यामुळे मेला नाही. मेला, तर जॉर्जच्या साथीदारांनी मारला. अशा तर्काला काय उत्तर द्यावे? ज्याच्या मनात निकाल आधी लागलेला असतो, त्याला विरुद्ध पुरावा दिसतच नाही असे नव्हे. तो दिसतो, आणि तोही आपल्याच बाजूचा दिसतो.

गुन्ह्याच्या वेळेचेही तसेच. पोलीस आधी म्हणत होते, त्याने हे संध्याकाळी फिरायला गेला तेव्हा केले. ती वेळ जुळेना, तेव्हा गुन्हा पहाटेवर गेला. पण रात्री जॉर्ज बापाच्याच खोलीत झोपत असे, आणि खोलीला आतून कुलूप असे. पहाटे चारपासून आपण जागेच होतो, मुलगा अंथरुणातच होता, असे शापुरजींनी शपथेवर सांगितले. घरावर पोलिसांची नजर होती. कोणाला कोणी बाहेर पडताना दिसले नव्हते. पण मुलासाठी बाप खोटे बोलणारच, हे गृहीतच होते. कोटावर तट्टाचे केस सापडले, असे सरकारी डॉक्टरने सांगितले. घरच्या तिघांनी कोट उजेडात धरून पाहिला होता, तेव्हा त्यावर केस नव्हते. त्याच दिवशी तट्टाच्या कातडीचा तुकडाही पोलिसांनी नेला होता, आणि कोट व कातडे यांची कुठेतरी गाठ पडली असावी, असा संशय पुढे घेतला गेला.

राहता राहिली पत्रे. त्यांतले हस्ताक्षर जॉर्जचेच, असे हस्ताक्षरतज्ज्ञ गुरिन यांनी सांगितले. म्हणजे जॉर्ज स्वतःच पत्रे लिहून स्वतःलाच पकडून देत होता! या गुरिनसाहेबांनी १८९६ साली ॲडॉल्फ बेक नावाच्या माणसाविरुद्ध अशीच खात्रीची साक्ष दिली होती. बायकांना फसवून दागिने लांबवल्याचा आरोप होता. अनेक बायकांनीही हाच तो म्हणून त्याला ओळखले होते. बेक काही वर्षे तुरुंगात राहिला, सुटला, १९०४ साली त्याला पुन्हा तशाच आरोपावरून पकडले, पुन्हा बायकांनी ओळखले, पुन्हा तो दोषी ठरला. आणि तेवढ्यात खरा ठक सापडला. तेव्हा गुरिननी आपली चूक कबूल केली. पण तोवर जॉर्जचा निकाल लागून गेला होता. ऑक्टोबर १९०३मध्ये त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. वकिली गेली. जनावरे चिरण्याचे प्रकार थांबले नाहीत.

दहा हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. तीन वर्षांनी, १९०६च्या ऑक्टोबरात, काही कारण न देता त्याला सोडून देण्यात आले. निर्दोष म्हणून नव्हे, नुसतेच सोडले. पोलिसांकडे हजेरी चालूच. जॉर्जने आपली हकीकत एका वर्तमानपत्रात लिहिली, ती डॉइलच्या वाचनात आली.

जानेवारी १९०७मध्ये लंडनच्या एका हॉटेलात दोघांची भेट ठरली. डॉइलला यायला थोडा उशीर झाला. आत शिरताना त्याला दुरूनच दिसले की एक सावळा तरुण वर्तमानपत्र अगदी डोळ्यांजवळ धरून, थोडे तिरके करून वाचतो आहे. डॉइलने डोळ्यांचा विशेष अभ्यास केलेला होता, लंडनमध्ये नेत्रवैद्य म्हणून पाटीही लावली होती. रोगी आले नाहीत आणि त्या रिकाम्या वेळात होम्सच्या कथा झाल्या, हा भाग निराळा. त्याने जवळ जाण्यापूर्वीच ओळखले, हा माणूस जबरदस्त ऱ्हस्वदृष्टी आहे. पावसाळी काळोख्या रात्री, कुंपणे आणि रेल्वेचे रूळ ओलांडून, अर्धा मैल चालत जाऊन जनावर गाठणे याच्या हातून होणे नाही.

म्हणजे ज्या डोळ्यांवरून गावाने त्याला पापी ठरवले, तेच डोळे त्याच्या निर्दोषपणाची खूण होते! तो रोखून पाहत नव्हता. त्याला दिसतच नव्हते. आणि हा मुद्दा कोर्टात मांडलाच गेला नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरची साक्ष काढावी असे जॉर्जच्या मनात होते, पण त्याच्या वकिलांना विरुद्ध बाजूचा पुरावा इतका हास्यास्पद वाटला की त्यांनी त्याची गरज मानली नाही. खात्री फक्त पोलिसांनाच होती असे नाही.

डॉइल नुसत्या नजरेवर थांबला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्याने जॉर्जला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवून आठ डायॉप्टरहून अधिक नंबर असल्याचा दाखला घेतला, स्वतः वायर्लीला जाऊन ती वाट तुडवली, कागद वाचले, माणसांना भेटला. ११ आणि १२ जानेवारी १९०७ला 'डेली टेलिग्राफ'मध्ये त्याचे लेख आले आणि इंग्लंडभर खळबळ उडाली. गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन यांनी तिघांची समिती नेमली. त्या तिघांतले एक कॅप्टन ॲन्सनचे नातलग होते. हे योगायोगाने झाले असे आपण म्हणू. समितीचा निर्णय मे महिन्यात आला. जनावर चिरल्याचा दोषारोप चुकीचा. पण पत्रे मात्र त्यानेच लिहिली असावीत, तेव्हा हे संकट काही अंशी त्याने स्वतःवर ओढवून घेतले. सबब माफी द्यावी, भरपाई देऊ नये. माफी! जो गुन्हा केलाच नाही, त्याची माफी. आणि जी पत्रे लिहिल्याचे सिद्धच झाले नाही, त्यांसाठी दंड. तीन वर्षांच्या तुरुंगवासाची फुटकी कवडी मिळाली नाही. वाचकांनी वर्गणी करून तीनशेच्या आसपास पौंड जमवले तेवढेच. वकिली मात्र नोव्हेंबरात परत मिळाली. त्याच वर्षी बेक आणि एडलजी या दोन प्रकरणांच्या गाजावाजामुळे इंग्लंडात फौजदारी अपिलाचे कोर्ट स्थापण्याचा कायदा झाला. तोवर तेथे ज्यूरीने दोषी ठरवलेल्या माणसाला दाद मागायला रीतसर वरचे कोर्टच नव्हते, हे ऐकून आपल्याकडच्या पुष्कळांना धक्का बसेल.

येथे होम्सची गोष्ट संपली असती. डॉइलची संपली नाही. निर्दोष माणूस सुटला, आता खरा गुन्हेगार दाखवायला नको का? तो त्याने दाखवला. वायर्लीच्या बाजूचाच एक तरुण होता. पूर्वी वॉल्सॉलच्या त्याच शाळेत होता, मग किल्लीचा उलगडा झाला! खाटकाकडे उमेदवारी केली होती, म्हणजे सुरीचा उलगडा झाला! पत्रे थांबली त्या सुमाराला तो दर्यावर गेला होता. आणि त्याने म्हणे घोड्यांच्या शस्त्रक्रियेचे हत्यार एका बाईला दाखवले होते. हस्ताक्षरतज्ज्ञाची एवढी टर उडवणाऱ्या डॉइलने आता आपल्या बाजूने दुसरा हस्ताक्षरतज्ज्ञ उभा केला. सगळे कसे चपखल! गृहखात्यात त्याने हे बाड पाठवले. कायदेपंडितांनी पाहिले आणि सांगितले, यात खटला उभा राहण्यासारखे काही नाही.

डॉइल संतापला. गृहखाते ॲन्सनला पाठीशी घालते आहे, असे त्याला वाटले, आणि तसे वाटायला जागाही होती. पण त्या तरुणाविरुद्धचा पुरावा घ्या आणि जॉर्जविरुद्धचा पुरावा शेजारी ठेवा. शाळा, सुरी, हस्ताक्षर, ऐकीव साक्ष; आणि पुरावा गोळा करणाऱ्याला कसलीही शंका नाही! त्या तरुणाचे नाव आज कोणत्याही पुस्तकात मिळेल. मी येथे देत नाही. त्याच्यावर हा गुन्हा कधी शाबीत झाला नाही, आणि आता होण्याचा संभवही नाही.

मला पुष्कळदा वाटते, हॉटेलच्या दाराशी डॉइलला जे एका क्षणात दिसले ते खरे निघाले, हेच त्याला भोवले. बेलसाहेबांना बार्बाडोस सापडले नसते तर ढोलाच्या वेळी त्यांनी आधी विचारले असते. पुढे १९२० साली 'स्ट्रँड' मासिकाच्या नाताळ अंकात, म्हणजे तिकडच्या दिवाळी अंकातच म्हणा ना, डॉइलने पऱ्यांची छायाचित्रे छापली. यॉर्कशायरमधल्या कॉटिंग्लीच्या दोन मुलींनी, एक सोळा वर्षांची आणि एक नऊ, १९१७ साली ओढ्याकाठी ती काढली होती. खेड्यातल्या साध्या घरच्या पोरींना असली लबाडी साधणारच नाही, अशी त्याची आणि त्याच्या स्नेह्यांची समजूत. थोरली उत्तम चित्रे काढी आणि काही दिवस एका फोटोवाल्याकडे कामाला होती, याचे त्यांना काही वाटले नाही. त्या दोघींनी म्हातारपणी, १९८३ साली, सांगून टाकले की पऱ्या कागदाच्या होत्या आणि टोपीच्या टाचण्यांनी टोचून उभ्या केल्या होत्या. ज्या पुस्तकातल्या चित्रांवरून त्या कापल्या, त्याच पुस्तकात डॉइलची स्वतःची एक गोष्ट छापलेली होती! होम्सला हे खासच दिसले असते.

तरीही मी डॉइलच्या बाजूचा आहे. त्या काळच्या इंग्लंडात एका सावळ्या वकिलासाठी आपले काम बाजूला ठेवून महिनेच्या महिने झिजणारा दुसरा प्रसिद्ध लेखक मला माहीत नाही. त्याच सप्टेंबरात झालेल्या त्याच्या लग्नाला जॉर्जला आमंत्रण होते आणि जॉर्ज गेलाही होता. डॉइल १९३० साली वारला. चार वर्षांनी, १९३४मध्ये, जवळच्याच डार्लस्टन गावच्या एका मजुराला धमकीची निनावी पत्रे लिहिल्याबद्दल शिक्षा झाली. हा उद्योग तो तीस वर्षे करीत होता, आणि वायर्लीच्या प्रकरणातली काही पत्रेही त्याचीच होती, असे निघाले. त्याला कोणीच पाहताक्षणी ओळखले नव्हते. पोलिसांनी नाही, तज्ज्ञांनी नाही, आणि डॉइलनेही नाही. पत्रांमुळे नाकारलेली भरपाई जॉर्जला तेव्हाही मिळाली नाही. तो शेवटपर्यंत वकिली करीत बहीण मॉडबरोबर राहिला आणि १७ जून १९५३ रोजी वारला. त्याच्यावर इंग्रजीत चांगली पुस्तके झाली आहेत. ज्युलियन बार्न्सची २००५ची कादंबरी आणि श्राबणी बसूंचा २०२१चा शोधग्रंथ ज्यांना मिळेल त्यांनी जरूर वाचावा.

कॅप्टन ॲन्सन १८८८ ते १९२९, एकेचाळीस वर्षे, त्याच परगण्याचे पोलीसप्रमुख होते. आपले मत त्यांनी बदलले नाही.

मला या सगळ्यांत राहून राहून आठवतात ते शापुरजी. मुलगा तुरुंगात गेला तेव्हा त्यांनी गाव सोडले नाही. सुटून आला तेव्हाही सोडले नाही. त्यांची साक्ष खोटी मानून त्या परगण्याने त्यांच्या मुलाला सात वर्षांसाठी पाठवले होते, आणि ज्यांनी गुत्त्यांतून बळीच्या गोष्टी उठवल्या, त्यांच्या पोरांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि म्हाताऱ्यांची दफने गावच्या पाद्र्याकडेच होती. १८७६पासून १९१८ साली मृत्यू येईपर्यंत, बेचाळीस वर्षे, सेंट मार्कच्या देवळाचे व्हिकर तेच होते.